उलंगवाडी कुठे आली?

तीन मोटारसायकली दुकानासमोर थांबल्या, तेव्हा साजिद एका ढोलकीची वादी ओढत होता. पोरं लांबून आलेली दिसत होती. बुटांवर धूळ, मागे बांधलेल्या बॅगा, तोंडाला रुमाल. अकोल्यात मोर्णा नदीच्या पुलावरून जुन्या शहरात शिरलं की आतल्या गल्ल्यांत अशा गाड्या सहसा येत नाहीत. आल्याच, तर पत्ता चुकलेल्या असतात.

"काका, उलंगवाडीला कसं जायचं?" पुढच्या पोरानं विचारलं.

साजिदनं वादी सोडली नाही. सोडली असती तर पुन्हा पहिल्यापासून ओढावी लागली असती.

"कुठी?"

"उलंगवाडी. बार्शीटाकळीकडे आहे म्हणतात. मॅपवर दाखवत नाही."

"कुठून आले तुमी?"

"पुण्याहून."

"उलंगवाडी पाहाले?"

"हो. मुद्दाम."

साजिदनं गाठ मारली. ढोलकीवर बोट वाजवून पाहिलं.

"भाऊ, उलंगवाडी कुठी येत नसते. ती होत असते."

पोरं हसली. त्यांना तो विनोद वाटला. मग एकानं फोन काढून त्याच्या पुढे धरला. पडद्यावर एक चित्र होतं. काळी जमीन, वर पांढरट आभाळ. कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'कोरडवाहू', खाली मोठ्या अक्षरांत 'उलंगवाडी'.

"हा बँड माहितीय का? यांचा नवा अल्बम येतोय. अकरा वर्षांनी. त्यातलं गाव बघायचंय आम्हाला."

कोरडवाहू हा बँड साजिदचाच होता. म्हणजे श्यामचा, सूर्यभानचा आणि त्याचा. पहिल्या दिवसापासून तो त्यात ड्रम वाजवत होता. पोरांनी त्याला ओळखलं नाही, यात नवल नव्हतं. ड्रमवाल्याचं तोंड कायम झांजांच्या आड असतं. नवल वेगळंच होतं. आपल्या बँडच्या अल्बमचं नाव त्याला आत्ता, एका अनोळखी पोराच्या फोनवर कळत होतं.

आणि नाव होतं उलंगवाडी.

वऱ्हाडात हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. कापसाचा शेवटचा वेचा झाला, पऱ्हाटीवर बोंड उरलं नाही, की उलंगवाडी झाली. मग वावर मोकळं. कोणाची गुरं शिरोत, कोणी पऱ्हाट्या सरपणाला नेवोत, कोणी हटकत नाही. हंगाम आटोपला. त्यावरून मग बाकीच्या गोष्टींचीही उलंगवाडी होते. चालत नसलेल्या दुकानाची होते. राजकीय पक्षाची होते. डोक्यावरच्या केसांची होते. पंगतीत वरण संपलं की वाढपी रिकामी बादली दाखवून म्हणतो, उलंगवाडी.

तेव्हा एखाद्या बँडनं आपल्या अल्बमला हे नाव दिलं, तर अकोल्यात त्याचा अर्थ एकच. पाटी उतरवली.

"बार्शीटाकळीच्या रस्त्यानं जा," साजिद म्हणाला. "कापसाचं वावर दिसलं की थांबा. तिथं कोनालेबी इचारा."

पोरं गेली. साजिदनं ढोलकी बाजूला ठेवली. श्यामला फोन लावायला हवा होता. नंबर काढलाही. मग त्यानं फोन पालथा घालून ठेवला. विचारलं, संपलं का, आणि तो 'हाव' म्हणाला, तर?

*

साजिदच्या वडिलांचा, गुलाम नबींचा, ब्रास बँड होता. लाल कोट, पांढरी पँट, छातीवर सोनेरी दोऱ्या. उन्हाळाभर वऱ्हाडातली लग्नं वाजवायची आणि पावसाळ्यात पितळ घासत बसायचं. साजिद शाळेत असल्यापासून त्यात ताशा मारायचा, पुढे साईड ड्रम गळ्यात आला.

बार्शीटाकळीत महादेवरावांच्या मुलीचं लग्न होतं. वरातीत नवरीचा भाऊ घोड्यापाशी असायचा, तर तो साजिदच्या शेजारून चालत होता. त्याच्या हातांकडे बघत. मारुतीच्या देवळाशी वरात थांबली तेव्हा तो म्हणाला, "तू रोज काय करतो बे?"

"हेच करतो."

"मी गिटार घेतली हाये. येत नाई वाजवता."

"मंग घेतली कायले?"

"येईन ना. तू येशीन का संगं वाजवाले?"

हा श्याम. अकोल्यात इंजिनिअरिंगला होता. दिसायला काडी, पण गळा असा की हाक मारली तर दोन वावरं पलीकडचा बैल मान वर करेल. सूर्यभान त्याचा खोलीसोबती. त्यानं बेस गिटार उचलली, कारण तिला चारच तारा होत्या आणि त्याला सहांची भीती वाटत होती.

पण सरावाला श्याम हाती लागायचा नाही. दिवाळीनंतर प्रत्येक सुट्टीला तो गावी. महादेवरावांचा नेम होता, घरचा कापूस घरच्या माणसांनी वेचायचा. इंजिनिअर होणारा मुलगाही त्यातून सुटला नव्हता. मजूर मिळत नाहीत, हे दुसरं कारण. सराव कधी, असं विचारलं की श्यामचं एकच उत्तर. "उलंगवाडी झाली की पाह्यू."

आणि मग फाल्गुनात कधीतरी साजिदच्या घराजवळच्या किराणा दुकानात फोन यायचा. तेव्हा घरी फोन नव्हता. दुकानदार गल्लीतून ओरडायचा, "साजिद, श्यामचा फोन व्हता. उलंगवाडी झाली म्हने." पुढचं काही सांगावं लागत नसे. साजिद स्कूटरला ड्रम बांधायचा आणि निघायचा.

सगळ्या वऱ्हाडासाठी जो शब्द म्हणजे शेवट, तो या तिघांसाठी सुरुवात होता. त्याच दिवसापासून त्यांचा हंगाम लागायचा.

सराव एका जिनिंगच्या शेडमध्ये. सूर्यभानचे मामा तिथे चौकीदार होते, आणि कापूस संपला की जिनिंगही बंद. वर पत्रे, खाली भिंतीच्या कडेला साचलेली रुई. पहिल्या ठोक्याला सगळी रुई उडायची. नाकात, तोंडात, चहात. ड्रमच्या आत जाऊन बसायची. आवाज गादीवर वाजवल्यासारखा यायचा. पहिला अल्बम त्यांनी तिथेच रेकॉर्ड केला. पुण्याच्या एका मासिकानं लिहिलं की या बँडच्या तालवाद्याला एक विलक्षण ऊब आहे. ते वाक्य सूर्यभाननं मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि साजिदनं ड्रम उलटा करून पाव किलो ऊब बाहेर काढली.

ते दिवस. एसटीच्या टपावर ड्रम बांधून अमरावती. कॉलेजच्या गॅदरिंगला पोरं आधी हसायची, हे काय वऱ्हाडीत रॉक म्हणून. मग तिसऱ्या गाण्याला खुर्च्या बाजूला सारायची. परतीला मूर्तिजापूरच्या स्टँडवर भजी. श्याम सीडीची पिशवी उशाला घेऊन बाकावर आडवा व्हायचा आणि म्हणायचा, "पाह्य साजिद, एक दिवस हे गाने मुंबईत वाजतीन."

वाजलीही. श्याम पुण्यात नोकरीला गेला. सूर्यभान अमरावतीत ज्युनिअर कॉलेजात शिकवू लागला, त्याचे 'सर' झाले. बँडचं नाव मोठं होत गेलं आणि कार्यक्रम कमी. साजिद जिथे होता तिथेच राहिला. लग्नांत डीजे आला. गुलाम नबींचे लाल कोट एक-एक करून विरले. साजिदनं वाद्यदुरुस्तीचं दुकान टाकलं. ढोलकी, तबला, गणपतीत ढोलपथकांचे ढोल. वर्षातून एकदा-दोनदा श्यामचा फोन यायचा आणि तो पोत्यातून ड्रम काढायचा. बाकीचं वर्ष त्या फोनवर निघायचं. हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नव्हतं. घरात बायकोला, गजालाला, माहीत होतं आणि तेवढं पुरे होतं.

*

अल्बम आला आणि दुकानात माणसं वाढली. काम घेऊन येणारी नव्हेत.

ऑटोवाला बंडू पहिला. त्यानं ऑटो चालू ठेवूनच विचारलं. "काय साजिदभाई, केली का उलंगवाडी?"

"गानं हाये ते."

"गानं हाये, पन नाव तं पाह्य ना. आमी का पुन्याचे आहो?"

दुपारी एक निवृत्त मास्तर आले. त्यांच्या मुलाच्या लग्नात कोरडवाहूनं वाजवलं होतं. ते साजिदच्या खांद्यावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. मयतीला आल्यासारखे. साजिदला त्याचा राग आला आणि मग त्यानंच त्यांच्यासाठी चहा मागवला.

पुण्या-मुंबईत वेगळंच चाललं होतं. तिथे अल्बम डोक्यावर घेतला होता. एकानं नेटवर लिहिलं, 'उलंगवाडी हे प्रत्येकाच्या मनातलं हरवलेलं गाव आहे.' दुसरी म्हणाली, ऐकताना तिला तिथल्या विहिरीचं पाणी प्यायल्यासारखं वाटलं. कोणीतरी विचारलं, उलंगवाडीला राहायची सोय आहे का. त्यावर अकोटच्या एका पोरानं उत्तर दिलं, 'आमच्या वावरात या. गुरं संगं आना.' त्याला चारशे लोकांनी हसून दाखवलं आणि पुण्याच्या कोणालाही ते का, हे समजलं नाही.

अमरावतीहून सूर्यभानचा फोन आला.

"तुले माहीत होतं का नाव?"

"नाई. तुमाले?"

"मलेबी नाई. वर्गात पोरीनं इचारलं, सर, तुमचा बँड बंद झाला का. मी म्हटलं, वही काढा."

साजिदनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तू फोन लाव ना श्यामले," सूर्यभान म्हणाला.

"तुमी लावा. तुमी सर आहात."

कोणीच लावला नाही.

गेल्या पावसाळ्यात साजिद पुण्याला जाऊन नऊ गाण्यांचे ड्रम वाजवून आला होता. दहावं गाणं श्यामनं नंतर लिहिलं. त्यात फक्त गिटार आणि त्याचा आवाज. तेच शेवटचं. तेच उलंगवाडी. साजिदनं ते घरी, जेवणं झाल्यावर लावलं. गजाला भांडी आवरत होती, आई जहाँआरा बाजेवर तसबीहची माळ घेऊन बसली होती.

गाण्यात फारसं काही नव्हतं. वावर रिकामं झालं आहे. बांधावर कोणी उभं आहे. त्याला घरी जायचं आहे आणि पाय निघत नाही.

संपलं तेव्हा आई म्हणाली, "अच्छा गाया. थक गया है बच्चा."

"अम्मी, पन्नाशीला आला तो बच्चा."

"तो क्या हुआ. थक गया है."

गजालानं हात पुसले. "उसको फोन कर लो. पंधरा दिवस झाले, तोंड शिवून बसले. ढोलकी फाटली तं दहा वेळा ठोकून पाहता. दोस्ताले एकदा इचारता येत नाई?"

"इचारून काय करू?"

"मालूम तो पड़ेगा."

"तेच तं नाई पाहिजे," साजिद म्हणाला. आणि आपण हे मोठ्यानं बोललो, याचं त्यालाच आश्चर्य वाटलं.

*

अल्बमचा पहिला कार्यक्रम अमरावतीला ठरला. हा श्यामचा हट्ट. आयोजकांना पुणे हवं होतं. आदल्या दिवशी तो पुण्याच्या गाडीनं अकोल्याला उतरला, नेहमीसारखा साजिदकडे राहायला. केस अर्ध्याहून जास्त पांढरे. गजालानं दारातच म्हटलं, "या भाऊजी. उलंगवाडीहून आले का?"

श्याम हसला नाही. वाकून त्यानं जहाँआरांच्या पायांना हात लावला. त्यांनी त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "खाना खा ले पहले."

भरीत होतं, भाकरी होती. साजिद आणि तो हवामानावर बोलले. रस्त्यावर बोलले. झांज तडकली आहे, त्यावर बोलले. जेवून झाल्यावर श्याम म्हणाला, "चाल, वावर पाहून येऊ."

स्कूटरवर दोघं बार्शीटाकळीला गेले. महादेवराव गेले त्याला चार वर्षं झाली होती. श्यामची आई लेकीकडे, वावर ठोक्यानं, म्हणजे वर्षाच्या ठराविक पैशावर, दुसऱ्याला कसायला दिलेलं. बांधाशी साजिदनं स्कूटर लावली. समोर हरभऱ्याचं रान होतं, सोंगून झालेलं. बांधावर पऱ्हाटीची एक काडीसुद्धा नव्हती.

"कापूस नाई?" साजिदनं विचारलं.

"तीन वर्षं झाले. सोयाबीन, मंग हरभरा. तो म्हनते कापसाले माणसं भेटत नाईत."

"बरोबर हाये त्याचं."

"बरोबरच हाये."

श्याम बांधावर बसला. साजिद उभाच राहिला. वाऱ्यावर हरभऱ्याचं कुटार, वाळका भुसा, उडत होतं.  शेवटी साजिद म्हणाला, "मले पुन्याच्या पोरानं सांगतलं. दुकानात येऊन. आपल्या अल्बमचं नाव."

श्याम खाली बघत होता.

"माह्यावर हसून गेला असता कोनी तं चाललं असतं. बंडू ऑटोवाला मले इचारते. मास्तर येऊन खांद्यावर हात ठेवते. सगळ्या अकोल्याले समजलं. मले सोडून."

"नाव ठेवाच्या आधी तुले फोन लावला व्हता ना. तीनदा लावला."

"पावसाचं बोलला तू. तीनदा पावसाचं बोलला."

"निघतच नाई तोंडातून. काय करू?" श्याम म्हणाला. "मंग वाटलं, नावच तसं ठेवू. दुसऱ्या कोनाले समजो न समजो, तुले आन सूर्यभानले समजीन."

"म्हनजे संपलं."

"हाव."

साजिद आता बसला. इतके दिवस ज्या शब्दाला तो भीत होता तो येऊन गेला होता. वावर तसंच होतं. लांब कुठेतरी ट्रॅक्टर चालू होता.

"काहून?" त्यानं विचारलं.

श्यामनं जमिनीतलं एक ढेकूळ उचलून चुरलं. "मागच्या साली गानं लिहीत होतो. त्यात कवडी आली. कापसाची कवडी. आन मले आठवेच ना, कवडी म्हनजे नेमकं काय. न उकललेलं बोंड, का किडलेला कापूस. मी मोबाईलवर पाह्यलं, साजिद. महादेवरावाचा पोरगा. बापानं माह्या हातानं पोत्यानं कवड्या वेचून घेतल्या, आन मी पुन्यात बसून मोबाईलवर पाह्यलं."

"मले इचारायचं."

"तू का वावरातला हायेस?"

"नाई. पन कापूस माह्याबी नाकातोंडात गेला हाये."

श्याम हसला. खूप वेळानं. मग हसता हसता त्याचा चेहरा बदलला.

"लोक म्हनतात, मातीतला आवाज. मले लाज वाटते बे. माती ठोक्यानं दिली. आवाज राह्यला फक्त. अजून चार वर्षं गायलो तं तोबी नकली होईन. त्याच्याआधी थांबतो."

साजिदला यावर पुष्कळ बोलता आलं असतं. तुझं खरं असेल, पण मी कुठे थांबू? माझं बाकीचं वर्ष कशावर निघेल? जुनं काही काढता आलं असतं. जिनिंगची शेड, मूर्तिजापूरची भजी, गल्लीतून येणारी ती किराणावाल्याची हाक. श्यामलाही ते सगळं तोंडपाठ होतं. म्हणून त्यानं त्यातलं काही काढलं नाही. एवढंच म्हणाला, "आपल्याले तं उलंगवाडी झाली की सुरू व्हायचं."

"माहीत हाये," श्याम म्हणाला. "म्हनून तं लिहिता लिहिता रडलो."

*

अमरावतीला मैदान भरलं होतं. पुण्या-मुंबईहून पोरं आली होती, नागपूरहून आली होती. स्टेजच्या मागे आयोजकांनी रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडाचं भलं मोठं चित्र लावलं होतं. पिवळा माथा, पांढरा दगड, त्यावर काळ्या अक्षरांत 'उलंगवाडी ० कि.मी.' तेच चित्र पोरांच्या टी-शर्टांवर. सूर्यभाननं ते पाहिलं आणि बेसची पेटी खाली ठेवली.

"याईले कोनी सांगतलं नाई का?"

"तुमी सांगा सर," साजिद म्हणाला. "वही काढाले लावा."

दोघांनाही हसू आवरेना. श्याम विचारत राहिला, काय झालं, आणि मग त्यानं वळून पाहिलं आणि तोही हसायला लागला. पहिलं गाणं सुरू व्हायच्या आधी तिघांनी एकमेकांकडे पाहिलं तेव्हा ते हसू अजून होतं. साजिदला वाटलं, हे बरं झालं.

नऊ गाणी झाली. जुनीही झाली. मैदान गात होतं. साजिदचे हात त्याच्या आधी पुढे जात होते. त्यानं त्यांना जाऊ दिलं.

मग श्याम पुढे आला, एकटा, गिटार घेऊन. दिवे उतरले. सूर्यभाननं बेस उतरवून ठेवली आणि बाजूला जाऊन उभा राहिला. शेवटच्या गाण्यात त्यांचं काम नव्हतं. साजिद मात्र जागेवरून उठला नाही. काड्या मांडीवर ठेवून बसला. झांजांच्या फटीतून त्याला गर्दी दिसत होती.

पुण्याची पोरं हात वर करून डोलत होती. फोनचे दिवे हलत होते. 'उलंगवाडी' हा शब्द आला की ती जोरानं ओरडत होती, गावाचं नाव घ्यावं तशी. आणि त्यांच्या मध्ये मध्ये वऱ्हाडची माणसं होती. ती स्तब्ध होती. एक म्हातारा टोपी हातात घेऊन उभा होता. एका बाईनं पदर तोंडाला लावला होता.

समोरच त्या दगडाचा टी-शर्ट घातलेला एक पोरगा नाचत होता. त्याच्या शेजारी एक मुलगी, इथलीच, नुसती उभी. पोरानं तिला काहीतरी विचारलं. तिनं त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि सांगितलं. साजिदला ऐकू आलं नाही, पण काय सांगितलं ते दिसलं. पोराचा वर गेलेला हात हळूहळू खाली आला. त्यानं स्टेजकडे पाहिलं, मागच्या दगडाकडे पाहिलं, मग बाजूच्या मित्राला कोपरानं ढोसलं आणि त्याला सांगितलं. मित्राचा हात उतरला. त्यानं वळून मागच्याला सांगितलं. हवेतले दिवे ओळीनं उतरत गेले. तो शब्द सबंध मैदानातून चालत गेला आणि साजिद वरून त्याला जाताना बघत राहिला. शेवटच्या कडव्याला कोणी ओरडलं नाही. एवढी माणसं आणि गिटारच्या तारेवरून बोट सरकल्याचा आवाज.

गाणं इथे संपायचं होतं. अल्बमवर इथेच संपतं.

साजिदनं काड्या उचलल्या. त्यानं असं काही ठरवलं नव्हतं. मोठ्या ड्रमवर पाय पडला, एकदा, मग पुन्हा. संथ, बैल घराकडे वळताना चालतात तसा. श्यामनं मान वळवली. क्षणभर त्याच्या तोंडावर काहीच नव्हतं. मग त्यानं पहिलं कडवं परत धरलं. अंधारातून सूर्यभान बेस गळ्यात अडकवत आला आणि चुकीच्या जागी शिरला, नेहमीसारखा.

आता मैदान गात होतं. सगळं. पुण्याचंही. ओरडणं नव्हतं त्यात. पहिल्यांदा शब्द कळून गाणारी माणसं जशी जपून गातात, तशी ती गात होती.

कडवं संपलं. श्यामनं साजिदकडे बघून हनुवटी हलवली. संपव, अशी त्यांची जुनी खूण. साजिदनं संपवलं नाही. पुन्हा एक फेरा घेतला. श्यामनं परत धरलं. पुन्हा हनुवटी. साजिदनं मान दुसरीकडे वळवून आणखी एक फेरा घेतला. गायकाला थांबता येतं. पण गाणं ड्रमवाल्याच्या हातानं संपतं. त्यानं ठोका दिला नाही, तर बाकीचे फिरत राहतात. त्याचे खांदे भरून आले होते. डोळ्यांत घाम जात होता. असं सकाळपर्यंत चालवता आलं असतं, निदान त्याला तसं वाटत होतं.

चौथ्या फेऱ्याला श्यामचा आवाज चिरला. वरचा सूर लागला नाही. त्यानं सावरून घेतलं, गर्दीला समजलंही नसेल. साजिदला समजलं. श्याम हसत होता. तो आता खूण करत नव्हता. साजिद जेवढं नेईल तेवढं तो येणार होता, फाटक्या गळ्यानं, उभा राहून. मागितला असता तर त्यानं तो गळाही दिला असता.

साजिदनं त्याच्याकडे पाहिलं आणि आता स्वतःच हनुवटी हलवली.

कडव्याच्या शेवटी त्यानं ठोका दिला. नीट, जागेवर. मग तडकलेली झांज हातानं धरली, म्हणजे ती उगाच वाजत राहणार नाही.